चेरी ब्लॉसम की टोमॅटो? सोलापूरच्या अंगणासाठी आणि गच्चीसाठी थंडीचा हिशेब

मार्च आला की फोनवर जपानच्या गुलाबी झाडांचे फोटो येऊ लागतात. त्याच सुमाराला ‘साकुरा चेरी, कुठल्याही हवामानात हमखास फुलं’ अशा जाहिरातीही दिसतात. विजापूर रोडला किंवा जुळे सोलापुरात नवं घर झालंय, दारात थोडी मोकळी जागा आहे, तर मोह होणारच. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो: सोलापुरात चेरी ब्लॉसम फुलणार नाही. एखादं वर्ष पानं धरेल, उन्हाळ्यात कडा जळतील आणि फुलाची वाट बघण्यात तुमचं पाणी जाईल. त्याच जागेत, त्याच पाण्यात टोमॅटोचं एक रोप मात्र मार्गशीर्षापासून शिमग्यापर्यंत घरची भाजी चालवू शकतं.

ही तुलना काहींना विजोड वाटेल. एक पंचवीस-तीस फुटांपर्यंत जाणारं, पन्नास-साठ वर्षं जगणारं झाड आणि दुसरं पाच-सहा महिन्यांचं रोप. पण दोन्हींना फूल यायचं की नाही हे ठरतं एकाच गोष्टीवर, रात्रीच्या तापमानावर. हे एकदा नीट समजलं की नर्सरीत कुठलंही रोप उचलताना काय विचारायचं ते आपोआप कळतं.

आधी थंडीचा हिशेब

चेरीच्या फुलाची कळी वसंतात तयार होत नाही. ती आदल्या उन्हाळ्यातच फांदीवर बसते, शरद ऋतूत पानं गळतात आणि कळी झोपी जाते. ती झोप मोडायला थंडी लागते. साधारण 0 ते 7 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जातीनुसार काही शे ते हजाराच्या आसपास तास गेले पाहिजेत. तेवढे तास भरले आणि मग ऊब मिळाली, की कळी फुटते. जपानमध्ये सर्वांत जास्त दिसणारी सोमेई योशिनो ही जात थंडीची अशीच भुकेली आहे. दक्षिण जपानात हिवाळा उबदार गेला तर तिथंसुद्धा ती उशिरा फुलते. क्योटोत चेरीच्या बहराच्या तारखांच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात आणि हवामानाचे अभ्यासक त्या जुन्या वसंतांचं तापमान काढायला वापरतात. इतकं हे झाड तापमानाच्या तालावर चालतं.

आता आपलं बघा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत बहुतेक रात्री पारा 13 ते 17 च्या दरम्यान असतो. थंडीची लाट आली तर 10 च्या आसपास उतरतो आणि आपण संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेला स्वेटर घालून जातो. पण दुपारी पुन्हा 30. रात्री मिळालेली थोडीफार थंडी दुपारचं ऊन पुसून टाकतं. मे महिन्यात 42-43 अंश आणि कोरडी हवा, ती वेगळीच.

कुणी म्हणेल, ओकिनावासारख्या उबदार बेटावरही चेरी फुलते. खरं आहे. तिथली गडद गुलाबी घंटेसारखी फुलं येणारी जात कमी थंडीत भागवते. पण तिथं जानेवारीत दिवसाही पारा विशीच्या आसपास राहतो, हवेत ओलावा असतो आणि उन्हाळा आपल्यासारखा भाजत नाही. आपल्या देशातली हिमालयी चेरी, म्हणजे पद्म, ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलते आणि शिलाँगला त्या वेळी तिचा महोत्सवही असतो. ती साधारण 1,200 ते 2,400 मीटर उंचीवरची आहे. खरं चेरी ब्लॉसम बघायचं असेल तर रोपाचे पैसे शिलाँगच्या तिकिटात घाला, हा माझा मनापासूनचा सल्ला.

टोमॅटोचं गणित याच्या उलट आहे. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज भागातून आलेल्या या रोपाला झोपायचं नसतंच. त्याला दिवसा 22 ते 30 आणि रात्री 15 ते 20 अंश लागतात. रात्र 22-24 च्या वर जायला लागली, दिवस 35 ओलांडू लागला, की परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. म्हणजे सोलापूरचा हिवाळा चेरीसाठी हिवाळाच नाही, आणि टोमॅटोसाठी तो नेमका हवा तसा आहे.

ताण देऊन चेरी फुलवता येईल का?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न येणं साहजिक आहे. डाळिंबाला पाणी तोडून ताण दिला की मृग, हस्त किंवा आंबे बहार धरता येतो, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. पण डाळिंब पाण्याचा ताण ओळखतं, चेरी थंडी ओळखते. पाणी तोडलंत तर चेरी सुकेल, फुलणार नाही. द्राक्षवाले छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी रसायन आहे, दारातल्या झाडाला लावायची वस्तूच नव्हे, आणि थंडीची पूर्ण भरपाई त्यानं होत नाही.

बुंध्याशी बर्फ टाकायचा उपायही लोक सुचवतात. थंडी लागते ती फांदीवरच्या कळीला, मुळाला नाही. एसीच्या खोलीत ठेवावं, तर खोली 20-24 अंशांवर असते. तो आपल्यासाठी गारवा, चेरीसाठी वसंत.

विकत घेण्याआधी किंवा घेतलं असेल तर

बियांचं पाकीट असेल तर घेऊच नका. शोभेच्या चेरीच्या नावाजलेल्या जाती बियांपासून तशाच्या तशा येत नाहीत, त्या कलमानं वाढवतात. सोमेई योशिनोची जगभरातली झाडं म्हणजे कलमावर कलम करून पसरलेलं एकच झाड आहे. निळ्या किंवा काळ्या चेरी ब्लॉसमचा फोटो असेल तर तो रंगवलेला आहे, असं झाड नसतं. ‘थेट जपानहून आणलेलं रोप’ असं कुणी सांगितलं तर आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र विचारा. हे नियम उगाच नाहीत. 1910 मध्ये जपाननं वॉशिंग्टनला भेट दिलेली 2,000 झाडं कीड निघाली म्हणून जाळावी लागली होती. आज तिथं फुलतात त्यांतली मूळ झाडं 1912 च्या दुसऱ्या, सुमारे 3,000 झाडांच्या भेटीतली.

रोप समोर असेल तर हाताळून बघा. खऱ्या चेरीच्या पानाला करवतीसारखे बारीक दाते असतात आणि देठावर, पान सुरू होतं तिथं, मोहरीच्या दाण्याहून लहान अशा सहसा दोन गाठी दिसतात. खोडाच्या सालीवर आडव्या रेघा असतात. पान लवदार, किंचित चिकट आणि तळाशी एका बाजूला जास्त उतरलेलं असेल तर ते सिंगापूर चेरीचं रोप आहे. आपल्याकडच्या नर्सरीत ‘चेरी’ म्हणून बहुधा तेच मिळतं. त्याचा गुलाबी बहराशी संबंध नाही, पण ते झाड वाईट नाही. सोलापूरच्या उन्हात भराभर वाढतं, पांढरी फुलं आणि लहान गोड लाल फळं देतं, बुलबुल येतात. जागा असेल तर खुशाल ठेवा.

खरं चेरीचं कलम भेट म्हणून आलंच असेल, तर ते काळ्या मातीत लावू नका, मुळाशी पाणी साचून कुजेल. मोठ्या कुंडीत, कलमाचा जोड मातीच्या वर राहील असं लावा, पूर्वेचं सकाळचं ऊन द्या आणि दुपारी सावली. थंड डोंगराळ भागात कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्याकडं पाठवणं उत्तम. पानं, साल आणि बियांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, त्यामुळं शेळी किंवा लहान मूल तोंडात घालणार नाही हे बघा.

जागा, वेळ, पाणी

चेरीला पूर्ण वाढीसाठी चारही बाजूंनी भरपूर मोकळी जागा हवी. टोमॅटोला 20 लिटरची बादली पुरते. चेरीचं कलम, योग्य हवेत, नीट बहरायला काही वर्षं घेतं आणि मग वर्षाकाठी आठवडाभर, फार तर दोन आठवडे फुलतं. शोभेच्या अनेक जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून फूल भरगच्च दिसतं आणि फळ धरत नाही. टोमॅटोचं फूल कुणी फोटोत घेत नाही, पण त्याच्या मागं फळ आहे.

छाटणीतही दोघांची रीत वेगळी. चेरीला मोठी जखम सोसत नाही, डिंक गळतो, कुजतं. चेरी छाटणारा मूर्ख आणि उमे (जपानी आलुबुखाऱ्याचं झाड) न छाटणारा मूर्ख अशी जपानी म्हणच आहे. टोमॅटोची मात्र दर आठवड्याला बगलफूट काढावी लागते. लावतानाही तेच: चेरीचा जोड मातीत गेला तर कलम वाया, टोमॅटोचं खोड जितकं खोल पुराल तितकं चांगलं.

टोमॅटो: गणपतीपासून गड्ड्यापर्यंत

*वाण.* झुडपी वाढणारे वाण गच्चीवर सोपे. वेलासारखे वाढणारे जास्त दिवस फळ देतात, पण आधार उंच लागतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे सरळ वाण आहेत, त्यांचं बी घरी धरता येतं. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण बोकड्या (पानं वळून रोप खुजं ठेवणारा रोग), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा यांना तोंड देतो. पण त्याचं बी धरून उपयोग नाही, दरवर्षी नवं घ्यावं लागतं. घरात लहान मुलं असतील तर चेरी टोमॅटो लावा. फळ लहान असल्यानं ऊन थोडं वाढलं तरी तो धरत राहतो, आणि मुलं येता-जाता तोडून खातात.

*बी.* गणपतीच्या सुमाराला, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टाका. प्रो-ट्रे (रोपांसाठीचा कप्प्यांचा ट्रे) किंवा बुडाला भोकं पाडलेले कागदी कप घ्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं भरा, बी अर्धा सेंटिमीटर खोल ठेवा. आठवड्यात उगवतं. सोलापूरचा मोठा पाऊस सप्टेंबरातच पडतो, म्हणून ट्रे पत्र्याखाली पण उजेडात ठेवा. पाणी जास्त झालं की रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात, मग काही उपाय उरत नाही. नर्सरीतून तयार रोप घेणार असाल तर खोड पेन्सिलीसारखं जाड आणि बुटकं असेल तेच घ्या. उंच, पिवळट, फुलं लागलेलं रोप दिसायला छान, पण लावल्यावर बसून राहतं.

*माती.* निव्वळ काळी माती कुंडीत घालू नका. ओली असताना चिखल, वाळली की भेगा पडतात आणि मुळं तुटतात. एक भाग काळी माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, थोडी जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड. एक गोष्ट इथं जोर देऊन सांगतो: चुना, लाकडाची राख, अंड्याची टरफलं घाला असे सल्ले सगळीकडं मिळतात. ते आम्ल मातीच्या मुलखाचे. आपली माती आधीच चुनखडीची, त्यात बोअरचं क्षाराचं पाणी. आणखी चुना घातलात तर लोह मुळांना मिळेनासं होतं आणि केवडा पडतो: कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. तसं दिसलं तर चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात पानांवर फवारा. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी कुंडीला घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात.

*लावणी.* 25 ते 30 दिवसांचं रोप दसऱ्याच्या आसपास, संध्याकाळी लावा. खालची दोन-तीन पानं काढा आणि खोड तिथपर्यंत मातीत पुरा. पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. बांबूची काठी लावणीच्या दिवशीच रोवा, नंतर रोवली तर मुळं दुखावतात. बांधायला जुन्या टॉवेलच्या पट्ट्या घ्या, सुतळी खोडाला काचते. पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घाला, खोडाला जाड व्हायला जागा राहते.

*पाणी.* सोलापुरात खरी परीक्षा इथं आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी बादल्या भरभरून घातल्या जातात आणि मग कुंडी कोरडी. फळाचा बुडखा काळा, चामड्यासारखा पडतो तो बहुतेक यामुळंच. चुनखडीच्या मातीत कॅल्शिअम भरपूर असतं, पण ते पाण्याबरोबरच वर चढतं. पाणी तुटलं की फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून ड्रम भरून ठेवा आणि रोज सकाळी ठरावीक पाणी द्या, फळं लागल्यावर मोठ्या रोपाला दीड-दोन लिटर. बोट दोन पेरं मातीत घालून ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. वरून उसाचं पाचट किंवा कडब्याची कुट्टी दोन-तीन इंच पसरा. हे आच्छादन केलं नाही तर फेब्रुवारीनंतर पाणी पुरवणं जड जातं.

*बगलफूट आणि खत.* पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारी फूट बोटभर असतानाच चिमटीनं मोडा. झुडपी वाणात पहिल्या फुलाखालच्याच काढा, वरच्या राहू द्या. दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत पुरतं. युरियाचा मोह नको, रोप हिरवंगार दिसतं आणि फळाचं नाव नाही.

*फूल.* लावणीनंतर महिन्याभरात येतं. एकदा जवळून बघा. पिवळ्या टोकदार पाकळ्या मागं वळलेल्या, मधोमध परागकोशांची चिकटून झालेली एक नळी, आणि तोंड खाली. पराग त्या नळीच्या आतल्या बाजूनं सुटतात, म्हणून फुलाला दुसऱ्या झाडाची गरज नसते, फक्त थरथर लागते. वारा ती देतो. निळ्या पट्ट्यांची रानमाशी फुलाला लटकून गुणगुणते तेव्हाही तेच होतं. बंद गच्चीत वारा नसेल तर सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान घोसाला बोटानं हलकी टिचकी द्या. देठाच्या मध्यावर एक गाठ असते. मार्चअखेर ऊन चढलं की गाठीपासून फुलापर्यंतचा देठ पिवळा पडतो आणि फूल तिथूनच निखळतं. हे दिसायला लागलं की रोपाला खत घालून उपयोग नाही, रात्री तापल्यात एवढाच त्याचा अर्थ. 50 टक्क्यांची शेडनेट बांधली तर लागलेली फळं पिकतात, नवी फारशी धरत नाहीत.

*कीड-रोग.* पांढरी माशी सर्वांत वाईट, कारण ती बोकड्या आणते. पिवळे चिकट सापळे रोप लावल्यापासूनच टांगा आणि आठवड्याला पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या मागच्या बाजूला फवारा. पानं वाटीसारखी वळून रोप खुजं राहिलं तर ते उपटा, शेजारचं वाचेल. पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा म्हणजे नागअळी, ती पानं तोडून टाका. फळाला गोल भोक म्हणजे घाटेअळी, रोज सकाळी बघून वेचणं हाच गच्चीवरचा उपाय. करपा जमिनीकडून वर चढतो, म्हणून खालची पानं काढून पाणी मातीवरच घाला, पानांवर नको.

पहिलं फळ लावणीनंतर साठ-पंच्याहत्तर दिवसांत, म्हणजे डिसेंबरात. संक्रांत आणि गड्ड्याच्या दिवसांत भर असतो. फळाला लाली चढायला लागली की तोडून घरात पिकवा, पक्ष्यांपासूनही वाचतं.

गुलाबी झाडच हवं असेल तर

मग ते जरूर लावा, फक्त सोलापूरच्या हवेतलं लावा. निष्पर्ण फांदीवर फिकट गुलाबी फुलांचे झुबके हे दृश्य हवं असेल तर चेरीच्या सर्वांत जवळ जातं गिरिपुष्प. आपल्याकडं त्याला उंदीरमारी म्हणतात आणि शेताच्या बांधावर ते फेब्रुवारी-मार्चमध्ये बहरतं. मूळचं मध्य अमेरिकेतलं, पण आपल्या कोरडवाहू मुलखात छान रुळलंय. त्याला थंडीचे तास लागत नाहीत. देशी झाड हवं तर कांचन लावा, त्याची जांभळट-गुलाबी फुलं साधारण त्याच दिवसांत येतात. मोठी जागा असेल तर एप्रिल-मेमध्ये पिवळाधमक होणारा बहावा. आपलं राज्यफूल ताम्हण सुंदर आहे, पण त्याला पाणी जास्त लागतं, ज्यांच्याकडं विहीर-बोअर चांगली त्यांनीच धरावं. गुलाबी टॅबेबुयाही इथं फुलतो, मात्र त्याच्या फांद्या वादळी वाऱ्यात मोडतात, गाडी उभी करता त्या जागेवर नको.

गिरिपुष्प लावायला नर्सरीत जायचीही गरज नाही. बांधावरच्या झाडाची अंगठ्याएवढी जाड, दीड-दोन हात लांब, तपकिरी पडलेली फांदी मालकाला विचारून आणा. खालचं टोक तिरपं कापा, एक तृतीयांश मातीत गाडा, पहिल्या पावसाच्या तोंडाला. विजेच्या तारांखाली आणि पाण्याच्या टाकीलगत लावू नका. बिया आणि साल विषारी असतात, लहान मुलांना सांगून ठेवा. दरवर्षी फुलं संपली की छाटा, आणि छाटलेला पाला फेकू नका. त्यात नत्र भरपूर असतं. शेणाच्या काल्यात मिसळून पावसाळाभर कुजवला, तर सप्टेंबरात टोमॅटोच्या कुंड्या भरायला त्याचंच खत तयार असतं.